सुखाची माती

सुखा, तुझ्या पुण्यानुमोदनाला निम्मं रिठद गाव आपल्या अंगणात बसलं होतं आणि तू नेमकं काय काम करायचास, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. वंदना झाली, मग दोन शब्द बोलायला एकेक जण उठू लागला. आपल्या शाळेतले जुने गुरुजी म्हणाले, सुखदेव जहाजावर मोठा साहेब होता. त्यांच्यानंतर जो उठला त्यानं तुला सरळ कप्तान करून टाकलं. रिसोडच्या मावशीच्या मते तू समुद्रातले मासे मोजायचास. तू असतास तर तोंडावर रुमाल दाबून मागच्या दारानं पळाला असतास आणि मी कॉलर धरून तुला परत आणलं असतं. शेवटी कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "शांताबाई, तुमी सांगा दोन शब्द. तुमी तं मास्तरीण हाये." मी उठले. "माझा भाऊ समुद्राच्या तळाची माती मोजायचा," एवढंच बोलले आणि खाली बसले. लोकांनी माना डोलावल्या. शेजारची जनाबाई दुसरीच्या कानाशी लागून म्हणाली, "दुखात हाये बिचारी, काहीबी बोलून राह्यली."

आबा खांबाला टेकून बसले होते. मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं असणार, पण मान वर केली नाही.

मला तुझा राग येतो रे. खरं सांगते, रडण्याआधी राग येतो. कावीळ काय, कुणालाही होते. आपल्या आळीत दर उन्हाळ्यात दोघातिघांना होते, पथ्य करतात, उसाचा रस पितात, उठून कामाला लागतात. तू मात्र डोळे पिवळे झाले तरी जहाजावर चढलास. का, तर ही फेरी चुकली की पुढची कधी मिळेल कुणास ठाऊक. चिखल कुठं पळून जाणार होता? लाखो वर्षं तिथंच पडलाय, असं तूच सांगायचास ना?

तुझं आणि आबांचं, बापलेकांचं जे राहून गेलं, त्याबद्दल मला आज बोलायचं आहे. दुसऱ्या कुणाला त्यातलं काही माहीत नाही. मायला थोडं माहीत होतं, पण ती तुझ्या आधीच गेली.

आबांनी जन्मभर माती वाहिली. दुसऱ्यांच्या वावरात बांध घातले, विहिरी खोदल्या, दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर टोपल्या उचलल्या. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा तू सहावी-सातवीत असशील. आल्या आल्या त्यांनी तुला जवळ बोलावलं आणि तुझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाले, "हे हात मातीत घालायचे नाईत. कोणी सांगितलं तरी नाई." त्या दिवसापासून आपल्या घरच्या तुकड्यातसुद्धा त्यांनी तुला निंदायला जाऊ दिलं नाही. मी जायची. मला हात नव्हते जणू! पण तुझी पुस्तकं कोरडी राहिली पाहिजेत म्हणून पावसाळ्यात तुझी पेटी ते स्वतःच्या अंथरुणावर ठेवायचे आणि आपण खाली निजायचे, हे पाहिल्यावर मी भांडण काढणं सोडून दिलं.

आणि एवढं शिकून तू काय निवडलंस, तर माती. कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलंस तोवर ठीक होतं. दगडाधोंड्यांचा अभ्यास म्हणजे पुढंमागं खाणीवर साहेब होईल, असं आबांनी मनाशी ठरवून घेतलं होतं. नोकरीची तार आली तेव्हा त्यांनी गावात गूळ वाटला. पहिल्या सुट्टीत तू आलास, मायनं तुझ्या नखांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय रे?" तू मोठ्या उत्साहात सांगू लागलास की समुद्राच्या तळाचा गाळ असा वर काढतो, असा कापतो, असा चाचपतो. आबा जेवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हात धुतले आणि म्हणाले, "माती तं इथंबी होती." बाहेर निघून गेले. तुझ्या कामाबद्दल ते त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत.

तुला ते किती लागलं, हे मला वाशीमला कळलं. माझ्या खोलीवर तू उतरला होतास. मी नुकतीच जमीन सारवली होती आणि तू माझ्या डब्यातला खडू घेऊन तिच्यावर समुद्र काढायला बसलास. मी ओरडले, तू ऐकलं नाहीस. म्हणालास, "ताई, लोकायले वाटते समुद्र म्हंजे नुसता खड्डा. तसं नाई. काठापासून लय लांबवर वावरासारखं सपाट असते, उथळ. मंग एका जागी धार येते, अन् तिथून उतार लागते. खाली, खाली, अंधारात." त्या उतारावर तू खडूनं आडव्या रेघा ओढल्यास. तो चिखल. नद्यांनी आणून टाकलेला, मेलेल्या बारीक जीवांच्या कवचांचा, इतका मऊ की माणूस उभा राहिला तर कमरेपर्यंत जाईल. तरी तो उतारावर टिकून असतो. कशाच्या जोरावर टिकतो, त्यावर किती भार टाकला तर टिकेल आणि कधी सगळाच्या सगळा सुटून खाली जाईल, ते काढायचं हे तुझं काम. तिथं तेलाचे नळ टाकायचे असतात, तारा टाकायच्या असतात. मातीनं दगा दिला तर वरचं सगळं गेलं.

मी मास्तरीण, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड. विचारलं, एवढ्या खोल तू मोजतोस कसा? तू खुशीत आलास. जहाजावरून जड नळी दोरानं सोडायची, ती आपल्या वजनानं चिखलात रुतते, पोटात चिखल घेऊन वर येते. मग चार पात्यांची एक लहानशी फिरकी त्या चिखलात खोचायची आणि वरची मूठ हळूहळू फिरवायची. माती धरून ठेवते, धरून ठेवते, आणि एका क्षणी सोडते. ज्या जोराला सोडते तो तिचा दम. तुमच्या पुस्तकातला शब्द वेगळा असेल, तू मात्र दमच म्हणायचास. मग तीच माती हातानं मळून पुन्हा मोजायची. दुसऱ्यांदा दम कितीतरी कमी भरतो. कुठली माती अर्धा गमावते, कुठली जवळजवळ सगळाच. "हात लागला का खलास," तू म्हणालास. "म्हणून लय जपून आणा लागते वर. धक्का लागू द्याचा नाई, आडवी करायची नाई, सुकू द्याची नाई."

एवढा जपणारा माणूस आणि जहाज सुटलं की पहिले दोन-तीन दिवस कठड्याला धरून ओकत असायचास. मायनं बांधून दिलेलं लिंबाचं लोणचं चाटून तू समुद्रावरचे दिवस काढलेस, हे गावाला सांगितलं तर कप्तानपद जायचं तुझं.

त्याच दिवशी तू मला म्हणालास, "ताई, तू इचारलं. आबा इचारतच नाईत."

मी म्हटलं, "मंग तूच सांग ना. बाप हाये तुया, परीक्षा घेणारा थोडीच हाये."

"सांगितलं का ते ऐकतेत. तसे ते सरपंचाचंबी ऐकतेत. मले त्यायनं इचारलं पाह्यजे. एकदा. काहीबी. काहून करतं, कसं करतं, काहीबी."

या गोष्टीवरून आपण किती भांडलो, सुखा! तू आलास की भांडण, गेलास की माझ्या डोक्यात भांडण. मी म्हणायची, मोठेपणा सोड. तू म्हणायचास, मोठेपणा नाही, भूक आहे. मी आबांकडे जायची. ते चपलेचा अंगठा शिवत बसलेले असायचे. मी म्हणायची, "आबा, सुखाले इचारा ना त्याच्या कामाचं. त्याले बरं वाटन." ते म्हणायचे, "त्याले सांगाचं असन तं सांगन. मी कायले इचारू?" दोघंही एका मातीचे. मी मधल्यामधे जात्यात.

आणि मग तुला ती कल्पना सुचली. मायचं हसणं मला अजून ऐकू येतं, म्हणून ही गोष्ट सांगतेच.

मे महिना होता. तू तुमच्या साहेबाची परवानगी काढून नळीचा एक तुकडा घरी आणलास. दोन्ही तोंडं मेणानं बंद केलेली, आत हातभर चिखल, आणि पिशवीत ती फिरकी. आबांच्या हातात मूठ द्यायची आणि त्यांनाच फिरवायला लावायची, असं तुझं ठरलं होतं. तोंडानं काही सांगायचं नाही. माती सुटते तो क्षण हाताला कळतो आणि आबांचा हात तर मातीत मुरलेला. एकदा हाताला कळलं की ते विचारतील, अशी तुझी खात्री होती. अकोल्यापासून वाशीमपर्यंत त्या लहान गाडीत तू नळी मांडीवर उभी धरून बसलास. गर्दी ही एवढी. एका बाईनं विचारलं, "काय हाये भाऊ?" तू आपला साधेपणानं म्हणालास, "माती हाये."

आपल्याकडे माती आहे म्हटल्यावर लोक काय समजणार? त्या बाईनं डोक्यावर पदर घेतला. कुणीतरी उठून तुला खिडकीची जागा दिली. एका म्हाताऱ्यानं पाठीवर हात ठेवून विचारलं, "कोण गेलं बाप्पा?" तू "कोणी नाई, समुद्रातली माती हाये" म्हणालास तेव्हा तो आणखी हळहळला. त्याला वाटलं, पोरगं बुडून मेलं कुणाचं. वाशीम येईपर्यंत तुला कुणी धक्का लागू दिला नाही. एकही झटका न बसता नमुना वाशीमला पोचला, म्हणून तू स्टेशनवर मला हसत हसत सगळं सांगितलंस, आणि मी हातातली पिशवी टाकून पोट धरून हसले. आता मला ते कुणाला सांगवत नाही.

घरी पोचल्यावर संध्याकाळी तू वरचं मेण काढून पाहिलंस. माती ओली होती, राखाडी, हिरवट झाक असलेली, लोण्यासारखी गुळगुळीत. नळीवर ओलं फडकं टाकून ती ओसरीच्या कोपऱ्यात उभी ठेवलीस. सकाळी आबांचा चहा झाला की दाखवायचं. तू प्रवासानं दमलेला, उशिरापर्यंत निजलास. माय पहाटेच उठली. चूल पोतारायला माती संपली होती. कोपऱ्यात पाहते तर पोरानं लांबून इतकी चांगली माती आणलेली! तिनं नळी पालथी केली, शेण घातलं, छान मळली आणि चूल, चुलीचे कान, मागची भिंत, सगळं पोतारून काढलं.

तू डोळे चोळत उठलास, कोपऱ्यात पाहिलंस, मग चुलीकडे पाहिलंस. मायचे हात मनगटापर्यंत राखाडी. ती कौतुकानं म्हणाली, "कुठून आणली रे? बोटाले खडा लागत नाई." मला वाटलं, आता तू ओरडणार. तू खाली बसलास आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलास. "माय, तुनं मळली?" "मंग! मळल्याबिगर लागते का?" काय चुकलं ते कळल्यावर ती बिचारी चुलीवरून माती खरवडून परत द्यायला निघाली, तेव्हा तर तू लोळायचाच बाकी होतास. दोन दिवसांत चुलीला भेगा पडल्या आणि वर मिठाची पांढरी बुरशी चढली. माय म्हणायची, आता भाजीत मीठ कमी टाकलं तरी चालते.

आबा दारात उभं राहून सगळं पाहत होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. विचारू की नको, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, मी शपथेवर सांगते. पण तू हसत होतास, माय हसत होती, आणि हसण्याच्या मधे काही विचारायचं त्यांना कधी जमलं नाही. ते बैल सोडायला गेले. तू फिरकी पुन्हा पिशवीत ठेवलीस. मला म्हणालास, "जाऊ दे ताई, पुढच्या टायमाले आणतो."

पुढच्या वेळी माय नव्हती. तिच्या पुण्यानुमोदनाला आलास आणि नमुना कुठला आणणार? त्याच्या पुढच्या वेळी मी तुझ्यामागं लग्नाचा धोशा लावला. केनवडची मुलगी, मॅट्रिक झालेली, घरदार चांगलं. वर वाशीमच्या कॉलेजात लेक्चररची जागा निघाली होती, तीही मी तुझ्यासाठी हेरून ठेवली होती. तू म्हणालास, "येतो ना वाशीमले. एक काम कर, समुद्र तेवढा आणून ठेव." मी चिडले. दोन दिवस तुझ्याशी नीट बोलले नाही. तू जाताना म्हणालास की या फेरीहून आलो की केनवडला जाऊ, मुलगी पाहू. हे तू खरंच म्हणाला होतास की मला गप्प करायला, ते आता कुणाला विचारू?

आबा का विचारत नसत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तू समजायचास की त्यांना तुझ्या कामाची लाज वाटते. सुरुवातीला वाटलीही असेल. पण नंतरचं वेगळं होतं. त्यांना भीती वाटायची, असं मला वाटतं. आपण विचारलं, तू समजावून सांगितलंस आणि तरीही आपल्याला कळलं नाही तर काय, याची भीती. एवढं शिकवलेल्या पोराला आपल्या अडाणीपणाचा चटका बसू नये म्हणून हा माणूस गप्प राहिला असेल. हे मला तू असताना सुचलं असतं तर आपलं एक तरी भांडण मिटलं असतं. सुचलं ते तू गेल्यावर, परतीच्या गाडीत, समोर आबा बसलेले, तू नाहीस.

तुला जहाजावरून उतरवून दवाखान्यात ठेवल्याची तार आली तेव्हा मी आणि आबा निघालो. पोचेपर्यंत तू गेला होतास. तुझ्या जहाजावरच्या माणसांनी सगळं केलं, मान राखून केलं, हे तुला कळावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. आबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. मी त्यांच्या बाजूला उभी होते. लाट पायाला लागली तसे ते मागे सरकले आणि चपला हातात घेऊन उभे राहिले. किती तरी वेळ पाहत होते, पाण्याकडे नाही, पाण्याखाली काही दिसतं का असं. तुमच्यातला एक जण हळूच म्हणाला, बाबा, काही विचारायचं असेल तर विचारा. आबांनी नकारार्थी मान हलवली.

मी तुझी आभारी आहे, सुखा, हेही एकदा म्हणून टाकते. मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं की समुद्र खोल असतो. तू मला तो उतार दिलास, अंधारात दम धरून पडलेला. आता मी वर्गात खडूनं तो काढते. मुलं विचारतात, बाई, हे कुणी पाहिलंय का? मी म्हणते, माझ्या भावानं चाचपलंय.

पण हे सगळं सांगायचं कारण कालची गोष्ट. माझी रजा संपली, आज मला वाशीमला जायचं आहे. काल दुपारी आबा ओसरीत जेवत होते, मी भाकरी वाढत होते. घरात दोघंच. घास हातात धरून ते मधेच थांबले.

"शांता," म्हणाले, "समुद्रात बी उतार असते म्हन्ते?"

मी भाकरी खाली ठेवली. "हो आबा. सुखा तिथलीच माती मोजे."

"मऊ असते ते?"

"लय मऊ."

"अन् एवढं पाणी वरतून. मंग ते खाली काहून नाई जात?"

मी सांगितलं. जेवढं येत होतं तेवढं सांगितलं, दम म्हणजे काय, फिरकी कशी फिरवायची, कुठली माती टिकते आणि कुठली सुटते. ते ऐकत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवून दिला होता. सांगून झालं, मला वाटलं संपलं. तर ते थोडे पुढं वाकले, तू ज्या चेहऱ्याची इतकी वर्षं वाट पाहिलीस तो चेहरा करून त्यांनी विचारलं, "अन् सुटते तवा आवाज येते?"

मी म्हटलं, "मले नाई माहीत आबा."

ते माझ्याकडे पाहत राहिले, आत्ता कुणी सांगेल असं. मग माझ्या मागं दाराकडे पाहिलं.

येतो का रे आवाज, सुखा?